सहलेखन आणि प्रमाण : कोशसंहितेचे बदलते स्वरूप

कोश कोणी लिहावा, या प्रश्नाला विसाव्या शतकातील मराठीने दोन उत्तरे दिली. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी स्थापून, भागभांडवल उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. त्यांच्या समाजशास्त्रीय दृष्टीची मुद्रा त्या मांडणीवर स्पष्ट उमटली आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे शासनाच्या पाठबळावर चालले व त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एकीकडे व्यक्तीचा, तर दुसरीकडे संस्थेचा अधिकार ज्ञानाला प्रमाण ठरवीत होता. वाचकाच्या हाती मात्र दोन्हीकडे पूर्णत्वास गेलेली संहिताच येत होती.

तिसरे उत्तर संगणकाच्या क्षेत्रातून आले. कोणाही वाचकाला मजकूर बदलता येईल अशी ‘विकी’ची व्यवस्था वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये सुरू केली. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा न्यूपीडिया हा २००० सालचा प्रकल्प मात्र तज्ज्ञांच्या परीक्षणाखेरीज नोंद प्रसिद्ध करीत नसे. साहजिकच त्याची गती मंद राहिली. त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने मूळ प्रकल्पाला लवकरच मागे टाकले. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला.

या घटनेत बार्थप्रणीत ‘लेखकाच्या मृत्यू’चा प्रत्यय शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु वस्तुस्थिती उलट आहे. येथे नोंदीतला प्रत्येक बदल, तो करणाऱ्याच्या ओळखखुणेसह आणि वेळेसह, ‘इतिहास’ या पानावर जतन होतो. लेखक विखुरला आहे, पण पुसला गेलेला नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीने शेकडो हस्तलिखिते पडताळून त्यांमागील प्राचीनतम पाठाचा शोध घेतला. सहलेखनातील संहितेचे पाठभेद मात्र निर्मितीबरोबरच नोंदले जातात, आणि त्यांतला कोणताही पाठ अंतिम ठरत नाही.

मग प्रमाण कोठे राहिले? लेखकाच्या अधिकाराची जागा संदर्भाने घेतली. विधान पडताळता यावे आणि स्वतंत्र संशोधन नोंदीत येऊ नये, हे विकिपीडियाचे पायाभूत दंडक आहेत. अमेरिकी पत्रकार जॉन सायगेन्थेलर यांच्याविषयीचा खोटा मजकूर २००५ मध्ये काही महिने तसाच राहिला, तेव्हा संदर्भाचा आग्रह अधिकच वाढला. त्याच वर्षी ‘नेचर’ने विज्ञानविषयक ४२ नोंदींची तुलना केली. तीत विकिपीडियात दर नोंदीमागे सुमारे चार, तर ब्रिटानिकात सुमारे तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने हा निष्कर्ष नाकारला. तरी विश्वासार्हता ही केवळ नामांकित लेखकांची मिरास नाही, हा मुद्दा त्यातून पुढे आला.

या दंडकाची दुसरी बाजू मराठीसारख्या भाषेला अधिक जाचते. लिहिणाऱ्यावरचे निर्बंध सैल झाले, परंतु लिहिले जाण्याच्या पात्रतेची अट छापील शब्दाशीच बांधलेली राहिली. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या स्त्रीचे ज्ञान तिच्या कंठात आहे; ते तिने स्वतः नोंदीत लिहिले तर दंडकाप्रमाणे निराधार ठरते. हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह घडविला. असे संकलन प्रसिद्ध झाल्यावरच त्या ओव्या संदर्भयोग्य होतात. अचल प्रभला यांनी २०११ मध्ये हिंदी, मलयाळम आणि आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत मौखिक साक्ष ध्वनिमुद्रित करून तीच संदर्भ म्हणून देण्याचा प्रयोग केला, पण तो सर्वसाधारण नियम बनला नाही.

तरीही एक भेद निर्णायक आहे. ज्ञानकोशातून वा विश्वकोशातून काय गळले आणि का गळले, हे वाचकाला त्या खंडांवरून सहसा कळत नाही. सहलेखनात मजकूर नाकारण्यामागचा वादही बव्हंशी चर्चापानांवर शिल्लक राहतो. म्हणून अशा संहितेची समीक्षा केवळ तिच्या आजच्या पाठापुरती मर्यादित राहू शकत नाही. तिचा इतिहास, तिच्यावरचे वाद आणि संदर्भाअभावी तिच्यात न आलेले आवाज हेही समीक्षेचे विषय आहेत. लोकशाहीचा दावा करणाऱ्या ज्ञानव्यवहाराची कसोटी किती हातांनी लिहिले यावर लागत नाही. कोणाचे जाणणे पुरावा म्हणून स्वीकारले गेले, यावर ती लागते.