सुटीतील शाळा आणि केरसुणी

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाची जुनी दप्तरे चाळण्याचे काम आमच्याकडे आले. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दप्तरांचा कंटाळा नसतो, उलट त्यांत तो रमतो. अगदी आरंभीच्या वर्षांतील एका इतिवृत्तात आम्हांस असे आढळले की, मंडळाचे मुलांसाठीचे मराठी वर्ग उन्हाळ्याच्या सुटीत येथील एका शाळेच्या तीन खोल्यांत भरत. शाळा भाडे घेत नसे. अट एवढीच होती की, सुटी संपण्यापूर्वी मंडळाने सबंध इमारत कानाकोपऱ्यासकट स्वच्छ करून द्यावी. त्या वर्षीच्या हिशेबात बारा खराटे, चुना आणि फिनेल यांचा खर्च मांडलेला आहे. मजुरीचा रकाना मात्र कोरा आहे.

त्या कोऱ्या रकान्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. शाळेची झाडलोट कोणी करावी, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु आपल्या देशाच्या सामाजिक इतिहासाचा एक धागा त्याच्या टोकाशी बांधलेला आहे.

आमचे प्राथमिक शिक्षण 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका खेड्यातील कौलारू शाळेत झाले. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि अशा शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. आमच्या शाळेला शिपाई नव्हता. शिक्षक दोन, वर्ग चार. दीड महिन्याच्या सुटीत बंद असलेल्या इमारतीची जी दशा होई ती आजही डोळ्यांपुढे आहे. आढ्याला जळमटे, तुळईवर पारव्यांची घरटी, एका कोपऱ्यात वाळवीचे वारूळ, भुईला पडलेल्या भेगा आणि खिडकीतून आत आलेला धुळीचा थर. जूनच्या पहिल्या आठवड्यात गुरुजी घरोघरी निरोप पाठवीत आणि शाळा उघडण्याआधीच आमची शाळा सुरू होई.

त्या कामाला एक क्रम होता. प्रथम बांबूला शिराई बांधून जळमटे काढावयाची, मग भिंतींचे पोपडे खरवडावयाचे, मग झाडणे. चुनखडी आदल्या रात्री पिंपात भिजत घातलेली असे. सकाळी ती खदखदून शांत झालेली असे, तीत थोडी नीळ कालवून कुंच्याने भिंतींना हात द्यावयाचा. चुना भिंत पांढरी करतो तसाच तो जंतूही मारतो, हे शास्त्र पुढे कळले. तेव्हा हाताची कातडी सोलवटते एवढेच कळत होते. फळ्याला कोळशाची पूड आणि पाल्याचा रस एकत्र घोटून फासला जाई. शेवटी सारवण. मुलांनी शेण आणि पाणी आणावयाचे, मुलींनी सारवावयाचे. या वाटणीबद्दल कोणी विचारले नाही, कारण घरीही तीच वाटणी होती. ओल्या सारवणाचा वास, चुन्याचा वास आणि पहिल्या पावसाचा वास ही त्रयी ज्याने अनुभवली आहे त्यास अधिक सांगणे नको. आमच्या पिढीतील अनेक लेखांत ही सुगंधी आठवण येते. आम्हीही ती येथेच संपविली असती, परंतु दप्तरातला तो कोरा रकाना स्वस्थ बसू देईना.

जुन्या पंतोजींच्या शाळेला बहुधा स्वतःची इमारतच नसे. देवळाची ओवरी किंवा कोणाच्या तरी वाड्याची पडवी हीच शाळा, तेव्हा तिची झाडलोट हा वेगळा प्रश्न नव्हता. सरकारी शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांना झाडणारा नोकर मिळाला, आणि मग तो नोकर काय झाडील व काय झाडणार नाही हेही ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे की, वर्गात बसण्यासाठी त्यांना वेगळे तरट होते आणि शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावीत नसे. म्हणून ते तरट रोज संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी परत आणावयाचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज पाणी नाही, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. तरटाची हकीकत तितकी सांगितली जात नाही. वास्तविक झाडणाऱ्याचेही समाजात काही फार मोठे स्थान नव्हते. तरीही त्याच्या केरसुणीने कोठे थांबावयाचे हे त्याला ठाऊक होते.

त्याच साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह सुरू केले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्यांनी 1919 मध्ये काले येथे केली होती. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत आणि वसतिगृहाची कामे आपल्या हातांनी करीत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. स्वावलंबन हा भाऊरावांचा काटकसरीचा उपाय होता, कारण पैसाच नव्हता. पण ज्या गावात एका मुलाच्या तरटाला झाडणारा शिवत नव्हता, त्याच गावात पंचवीस-तीस वर्षांच्या आत सर्व जातींच्या मुलांच्या हाती एकच केरसुणी आली, ही घटना नुसत्या काटकसरीत बसणारी नाही.

याच्या काही वर्षे अगोदर, बंगालमध्ये, एका मोठ्या प्रयोगात मराठी हात होते, हे आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मुले काही काळ रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात उतरली होती. गांधीजी तेथे फेब्रुवारी 1915 मध्ये पोहोचले, परंतु 19 फेब्रुवारीस गोखल्यांचे निधन झाल्याने तातडीने पुण्यास गेले आणि मार्चमध्ये परतले. नोकर-आचाऱ्यांवर विसंबू नये, स्वयंपाक व सफाई विद्यार्थी-शिक्षकांनीच करावी, असे त्यांनी सुचविले. रवींद्रनाथांनी संमती दिली आणि 10 मार्च 1915 रोजी काम सुरू झाले. कोणी भाजी चिरू लागले, कोणी धान्य निवडू लागले, काही शिक्षकांनी स्वयंपाकघर आणि त्याचा परिसर साफ करण्यासाठी कुदळी उचलल्या. काकासाहेब कालेलकर त्या वेळी तेथे होते. जन्माने साताऱ्याचे. (पुन्हा सातारा! हा योगायोग आम्ही जुळविलेला नाही.) बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना घरगुती नात्याची नावे देण्याची चाल होती, कालेलकर तेथे ‘काका’ झाले, फडके ‘मामा’ झाले आणि हरिहर शर्मा ‘अण्णा’. मामा फडके यांनी पुढे गोध्र्यास अंत्यज आश्रम चालविला.

शांतिनिकेतनातला तो प्रयोग फार दिवस टिकला नाही. गांधीजींनी आत्मचरित्रात हे स्वच्छ सांगितले आहे. तरीही 10 मार्च हा दिवस तेथे ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळण्याची परंपरा पडली. त्या दिवशी नोकरवर्गास सुटी आणि झाडणे-पुसणे विद्यार्थी-अध्यापकांकडे. वर्षातून एक दिवस म्हणजे फारच थोडे, असे म्हणणारे म्हणोत. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर नयी तालीमच्या शाळांनी सफाईला शिक्षणातच स्थान दिले. पण त्या शाळाही सर्वदूर रुजल्या नाहीत.

आता नाण्याची दुसरी बाजू. हिंदीतील लेखक ओमप्रकाश वाल्मीकि यांचा जन्म 1950 साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातील बरला गावी झाला. ते संरक्षण उत्पादन खात्यात नोकरीस होते. अंबरनाथला त्यांचे प्रशिक्षण झाले आणि पुढे काही वर्षे ते चंद्रपूरच्या आयुधनिर्माणीत होते. मराठी दलित साहित्याची ओळख त्यांना महाराष्ट्रातच झाली. त्यांच्या ‘जूठन’ या 1997 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात शाळेतील एक प्रसंग आहे. मुख्याध्यापकांनी या लहान मुलाला झाडाच्या डहाळ्यांचा झाडू करावयास लावला आणि सबंध शाळा व मैदान झाडण्यास सांगितले. कारण त्याच्या जातीचे तेच काम. इतर मुले वर्गात शिकत होती, हा बाहेर झाडत होता. तिसऱ्या दिवशी वडील तेथून जात असता त्यांनी ते पाहिले, मुलाच्या हातातला झाडू हिसकावून फेकून दिला आणि मुख्याध्यापकांना जाब विचारला.

हे पान वाचून आम्ही पुस्तक मिटले, कारण आमच्या कौलारू शाळेतील एक गोष्ट आम्हांस त्या क्षणी प्रथम दिसली. जूनमधील त्या साफसफाईत शाळेमागची मुतारी धुण्याचे काम दरवर्षी एकाच मुलाकडे येई. त्याचे वडील गावची झाडलोट करीत. गुरुजी म्हणत, “तिकडचं तू बघ रे,” आणि तो बादली घेऊन जाई. गुरुजी दुष्ट नव्हते. आम्हांला त्यांनी मायेने शिकविले. आम्हीही दुष्ट नव्हतो. चार वर्षे त्याच्या शेजारी बसलो आणि एकदाही म्हटले नाही की, या वर्षी मी जातो. आम्ही सर्वांनी मिळून शाळा स्वच्छ केली, असे आम्ही पुढे अनेक ठिकाणी अभिमानाने सांगितले आहे. या मंडळाच्या व्यासपीठावरूनही एकदा सांगितले आहे. ते अर्धे सत्य होते.

अलीकडच्या काळात शाळांच्या स्वच्छतेवर सरकारने बराच खर्च केला. 2014-15 मधील ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत सरकारी आकड्यांनुसार 2,61,400 शाळांत 4,17,796 शौचालये बांधली वा दुरुस्त केली गेली. आम्ही स्वतः सरकारी माणूस असल्याने आकड्यांचा मान राखतो, आणि बांधलेले शौचालय रोज कोणीतरी धुवावे लागते हेही जाणतो. मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, अनेक इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सूचना काढल्या की, उघडण्यापूर्वी शाळेचा प्रत्येक भाग धुऊन निर्जंतुक करावा. इतक्या लांबलेल्या सुटीनंतरची ही सर्वांत मोठी झाडलोट बहुतेक ठिकाणी सफाई कामगारांनीच केली, आणि तीही साथीच्या भयात.

मंडळास आता स्वतःचे सभागृह आहे, परंतु मुलांचे वर्ग अजून त्याच शाळेत भरतात आणि जुनी अटही कायम आहे. उत्तरेकडे शाळा जुलैत उघडत असल्याने जूनचा शेवटचा रविवार या कामाचा. गेल्या जूनमध्ये आम्ही कामांच्या चिठ्ठ्या केल्या आणि स्वच्छतागृहाच्या चिठ्ठ्याही त्याच डब्यात टाकल्या. मुलामुलींचा, त्यांच्या आईवडिलांचा आणि कार्यकारिणीचा डबा एकच. थोडी कुरबुर झाली. एका काकूंनी आपली चिठ्ठी बदलून मागितली. ती बदलून दिली नाही, त्या थोड्या रुसल्या आणि मग बादली घेऊन गेल्या. शाळेच्या सफाई कामगारांना त्या दिवशी सुटी दिली होती. त्यांतील एक वयस्क गृहस्थ तरीही आले. त्यांच्यासाठी व्हरांड्यात खुर्ची मांडली, चहा दिला. ते दहा मिनिटे बसले असतील. मग उठून आमच्याजवळ आले, आमच्या हातातला खराटा उलटा धरला आहे असे हसत म्हणाले आणि तो कसा धरावयाचा ते दाखवू लागले.