तीस मार्कांचा दिवस

जुलै १९८६. पश्चिम बर्लिनच्या झू स्टेशनवरून तुम्ही सकाळची एस-बान पकडता. मोठी सॅक हॉस्टेलवर ठेवलीय. खिशातल्या कागदावर कालचा हिशेब आहे: गादीभाडं, पाव, चीज आणि एका फेरीला दोन मार्कांहून जास्त पडणारं तिकीट. आज निघालात त्या पूर्व बर्लिनमध्ये हेच तिकीट वीस फेनिगला मिळतं आणि ताजा पाव पाच फेनिगला. तेही फक्त चौथ्या स्टेशनावर. कमी पैशांत फिरणाऱ्याला आणखी काय हवं?

गाडी पाण्यावरून आणि बर्लिनच्या भिंतीपलीकडे जाते. फ्रीडरिशस्ट्रासं स्टेशनात जिने, बोळ आणि रांग. तपासणीच्या अरुंद बोळकांडीत तुमच्या मागे वर तिरका आरसा लावलाय, पाठीमागे काय धरलंय तेही अधिकाऱ्याला दिसावं म्हणून. व्हिसाचे पाच मार्क काढा. पुढच्या खिडकीत आणखी पंचवीस पश्चिमी मार्क द्या आणि पंचवीस पूर्वेचे घ्या, एकास एक. ही सक्ती आहे, आणि उरलेले परत बदलून मिळणार नाहीत, बाहेरही नेता येणार नाहीत. १९८०च्या ऑक्टोबरपर्यंत पूर्व बर्लिनच्या एका दिवसासाठी साडेसहा मार्कांवर भागायचं. पश्चिमेतल्या पैसे बदलणाऱ्यांकडे याच नोटा एकास चार-पाच दराने मिळतात, पण त्या आत आणणं हा गुन्हा आहे.

म्हणजे पाव पाच फेनिगचा खरा, पण तो विकत घेण्याआधीच तुमचे तीस मार्क गेले, आणि तेही रात्रीच्या गादीशिवाय. मध्यरात्रीपर्यंत परत फिरायचंय. इथल्या हॉटेलात राहायचं तर आरक्षण आधीच हवं आणि पैसे पुन्हा पश्चिमी चलनातच.

हातातली चिल्लर बघा. अॅल्युमिनियमची नाणी इतकी हलकी की खिशात आहेत की नाहीत कळत नाही. एकच नाणं पितळेचं, वजनदार: वीस फेनिगचं, कारण सार्वजनिक फोनला तेच लागतं. प्रेन्झलाउअर बर्गच्या ट्राममध्ये चढा. कंडक्टर नाही. एक पेटी आहे, वर काच. नाणं टाका, दांडा ओढा, कागदी तिकीट फाडून घ्या. तुम्ही किती टाकलेत ते विचारणारं कुणी नाही, शेजारचे प्रवासी तेवढे बघतात.

दुपारी भूक लागते. उपाहारगृहात निम्मी टेबलं रिकामी दिसतात, तरी दारातली पाटी सांगते की बसायची जागा आम्ही दाखवू. थांबा. मेन्यूतल्या निम्म्या पदार्थांवर वेटर मान हलवतो. शेवटी सॉसेज आणि बिअर घेऊनही दोन मार्क संपत नाहीत. भाकरी-पाव इथे सरकारी अनुदानावर इतके स्वस्त ठेवलेत की लोक ते ससे-डुकरांनाही घालतात. मात्र कॉफीच्या सव्वाशे ग्रॅमच्या पुड्याला पावणेनऊ मार्क! ज्या कॉफीसाठी परकीय चलन मोजावं लागतं तिच्यावर सगळी कसर काढलेली.

पैसे संपवायचेच आहेत. म्हणून तुम्ही रेकॉर्डच्या दुकानात शिरता. एटेर्ना या लेबलची शास्त्रीय संगीताची तबकडी, बारा मार्क दहा फेनिग. माझं प्रामाणिक मत विचाराल तर दिवसभराचा सर्वांत चांगला सौदा हाच: पश्चिमेत एवढं उत्तम बाख या पैशांत मिळणार नाही. उरलेल्यात पुस्तकं घ्या, आणि इश्तार द्वार पाहायला पेर्गामॉन संग्रहालयात जा. ते नुसतं निळं द्वार पाहण्यासाठीही तीस मार्क द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

पण याला स्वस्त शहर म्हणू नका. ट्राममध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीला इथला पाव स्वस्त पडतो की महाग, हे ताडून पाहायला पलीकडच्या बेकरीत जाता येत नाही. चार स्टेशनांचा तो प्रवास तिला म्हातारपणाआधी क्वचितच मिळेल. बायकांना साठीनंतर, पुरुषांना पासष्टीनंतर. दोन शहरांचे भाव शेजारी शेजारी मांडायची मुभा तुम्हाला आहे, कारण तुमचा पासपोर्ट वेगळा आहे. माझ्या लेखी बर्लिनमधली सर्वांत महाग गोष्ट तीच.

रात्री परतताना काचेच्या दालनात तीच रांग. निरोप द्यायला आलेले दारातच थांबतात. इथले लोक या दालनाला अश्रूंचा महाल म्हणतात. तुमच्या पुढे छोटी बॅग घेतलेली एक आजी आहे. पलीकडे पोचल्यावर पश्चिम जर्मनीचं सरकार तिच्या हातावर स्वागताचे तीस मार्क ठेवेल, वर्षातून दोनदा. सकाळी तुम्ही खिडकीत मोजलेत तेवढेच. ती तुम्हाला विचारते, तिकडे कॉफीचा मोठा पुडा हल्ली कितीला बसतो? तुम्ही भाव सांगता, आणि कोणत्या दुकानात स्वस्त मिळेल तेही.