पीलखान्याचे कर्ते : हावड्यातील बालसेवा आणि तिची कथनरूपे

१

हुगळीच्या पश्चिम तीरावरील हावडा जागतिक साहित्याच्या नकाशावर आले ते मुख्यतः एका फ्रेंच पुस्तकामुळे. दोमिनिक लापिएर यांची 'ला सिते द ला ज्वा' ही कादंबरी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली; 'द सिटी ऑफ जॉय' ह्या इंग्रजी नावाने ती जगभर पोचली आणि १९९२ मध्ये रोलाँ जॉफे यांनी तिच्यावर चित्रपट काढला. कादंबरीतील 'आनंदनगर' म्हणजे हावड्यातील पीलखाना ही वस्ती. मराठी अभ्यासकाला हा शब्द परका नाही. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत पीलखाना, म्हणजे हत्तींचे ठाणे, मोडत असे. हावड्यात मात्र हत्ती केव्हाच गेले आणि नाव तेवढे गिरणी कामगारांच्या दाट वस्तीला चिकटून राहिले.

ह्या वस्तीत कुटुंबे आणि मुले यांच्यासाठी जी सेवाकार्ये उभी राहिली त्यांचा कर्ता कोण, हा प्रश्न वरवर समाजशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो कथनशास्त्राचाही आहे.

२

तागाच्या गिरण्या, लोखंडाच्या ओतशाळा आणि रेल्वे यांनी हावड्याला कामगारनगरीचे रूप दिले. बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून आलेली कुटुंबे पीलखान्यासारख्या वस्त्यांत एकेका खोलीत राहू लागली. गावाकडील एकत्र कुटुंब मागे सुटलेले आणि मिळकत रोजच्या मजुरीवर अवलंबून असलेली, अशा घरात मूल आजारी पडले तर त्याच्याजवळ कोणी बसायचे, हाच मोठा प्रश्न होता.

१९६५ मध्ये फ्रान्स्वा लाबोर्द (१९२७–२०२०) हे फ्रेंच धर्मगुरू भारतात आले आणि पुढे पीलखान्यात राहू लागले. वस्तीतील तरुणांच्या साहाय्याने तेथे 'सेवा संघ समिती'चे काम उभे राहिले. औषधोपचार आणि मुलांचे पोषण ह्या निकडीच्या गरजांकडे तिने प्रथम लक्ष दिले. बाहेरून आलेल्या माणसाजवळ परदेशातील स्नेहीजनांचे साहाय्य होते. कोणत्या गल्लीत कोणते मूल अन्नावाचून आहे, कोणाच्या दारात कोणी जायचे, हे ज्ञान मात्र वस्तीतील तरुणांजवळच होते. एकाचे द्रव्य आणि दुसऱ्याचे ज्ञान एकत्र आल्याखेरीज काम उभे राहणे शक्य नव्हते.

१९७६ मध्ये लाबोर्द यांनी 'हावडा साउथ पॉइंट' ही संस्था स्थापन केली. अपंग बालके हा तिच्या कार्याचा केंद्रबिंदू. ह्या निवडीमुळे सेवेचे स्वरूपच पालटले. कुपोषित मुलाला दूध देता येते, तापाला औषध देता येते. परंतु पोलिओने पाय गेलेल्या किंवा मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलाला वर्षानुवर्षे व्यायाम लागतो. तो आईने शिकून घरी करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी आईला सवड व घराला आधार लागतो. म्हणून अपंग बालकाची सेवा ही अपरिहार्यपणे कुटुंबाची सेवा होते. विशेष शाळा, भौतिकोपचार, निवासगृहे असा संस्थेचा विस्तार होत गेला आणि हावडा–कोलकात्याबाहेर तो जलपाइगुडीपर्यंत पोचला. गरजा एकीतून एक उलगडत गेल्या आणि प्रत्येक नव्या गरजेने नवा भागीदार जोडला.

३

लापिएर यांच्या कादंबरीत हा इतिहास वेगळा आकार घेतो. तिच्या केंद्रस्थानी स्तेफान कोवाल्स्की हा पोलिश धर्मगुरू, मॅक्स लोब हा अमेरिकन डॉक्टर आणि हासारी पाल हा रिक्षा ओढणारा शेतकरी आहे. कोवाल्स्कीच्या पात्रामागे लाबोर्द आणि स्विस परिचारक गास्ताँ ग्रांजाँ यांची नावे घेतली जातात. कथनाची दृष्टी बाहेरून आत येणाऱ्याची आहे. वस्तीत शिरणारा, दुःख पाहणारा आणि त्या दर्शनाने स्वतः बदलणारा नायक पाश्चात्त्य वाचकाला आपला प्रतिनिधी म्हणून जवळचा वाटतो.

तरीही कादंबरीत भागीदारीची खूण पुसली गेलेली नाही. वस्तीतील निरनिराळ्या धर्मांचे तरुण एकत्र येऊन परस्परसाहाय्याची समिती स्थापतात, हा प्रसंग तिच्यात आहे आणि बंदोना ही तरुणी त्या कामाचा कणा ठरते. परंतु समिती हा कथेतील एक प्रसंग राहतो आणि धर्मगुरू हा नायक. चित्रपटात डॉक्टर अधिकच पुढे येतो. १९९१ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी कोलकात्यात तीव्र विरोध झाला. शहराच्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडले जात आहे, हा मुख्य आक्षेप होता. आपल्या दुःखाची कथा सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामागे होता.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. लापिएर यांनी आपल्या मानधनाचा अर्धा वाटा बंगालमधील सेवाकार्यांना दिला. म्हणजे ज्या कथनाने स्थानिक कर्त्यांना पार्श्वभूमीत ढकलले, त्याच कथनाने त्यांच्यासारख्यांच्या कामाला पैसा पुरवला. साहित्यकृती स्वतःच भागीदार झाल्याचे हे विरळा उदाहरण आहे. तिचे मूल्यमापन केवळ 'वसाहतवादी दृष्टी' ह्या एका शब्दाने आटोपता येत नाही.

४

तुलनेसाठी महाराष्ट्रातील बोर्डी–कोसबाडचा प्रयोग घेता येईल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी ह्या विचारातून 'अंगणवाडी' आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' हे शब्द जन्मले. येथेही कुटुंबाच्या घडणीनेच सेवेचे रूप ठरवले. फरक कथनात आहे. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुभवकथन स्वतः अनुताईंचे आहे; काम करणारी आणि सांगणारी व्यक्ती एकच. पीलखान्याच्या बंदोनांना असे पुस्तक लाभले नाही. कोसबाडच्याही आदिवासी आईचा स्वर अनुताईंच्या शब्दांतूनच येतो, हे मात्र विसरता येत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. बंगालीत तो 'अङ्गनओयाड़ि' असा लिहावा लागतो. मराठी 'वा'साठी 'ओया' योजावे लागल्याने शब्दाचे परप्रांतीयत्व लेखनातच उमटते. अठराव्या शतकातील स्वाऱ्यांमुळे मराठे बंगाली बालविश्वात शिरले ते अंगाईतील 'बर्गी', म्हणजे बारगीर, होऊन, भीतीचे नाव म्हणून. दोन शतकांनंतर त्याच विश्वात दुसरा मराठी शब्द आला तो खाऊ आणि खेळाचे ठिकाण म्हणून. दोन भाषांच्या संबंधांच्या इतिहासात ह्या स्थित्यंतराची नोंद व्हायला हवी.

५

कर्त्याचा प्रश्न आज कायद्याच्या भाषेतही उभा आहे. विदेशी देणग्यांच्या नियमनाचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे 'हावडा साउथ पॉइंट'च्याच वयाचा. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीकडे वळती करण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेने निधी मिळवावा आणि वस्तीतल्या लहान गटाने तो वापरावा, ही भागीदारीची जुनी रीत परदेशी पैशापुरती त्यामुळे बंद झाली. कायद्याला एकच नोंदणीकृत कर्ता हवा असतो, जसा कादंबरीला एकच नायक हवा असतो. पीलखान्याचा इतिहास दोन्ही चौकटींत पुरता मावत नाही. तो लिहायचा तर संस्थांच्या अहवालांबरोबर वस्तीतील स्त्रियांच्या मौखिक कथनांकडे वळावे लागेल. हिंदी, उर्दू, बंगाली अशा अनेक भाषांत विखुरलेली ही सामग्री तौलनिक अभ्यासाचेच क्षेत्र आहे.