एक कथा, दोन लयी

अमोल पालेकरांचा 'पहेली' (२००५) आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. शाहरुख खान, राणी मुखर्जी, झगमगता राजस्थान आणि बोलक्या कठपुतळ्या! पण विजयदान देथा यांच्या याच कथेवर त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १९७३ साली, मणी कौल यांनी 'दुविधा' हा चित्रपट काढला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांनी तो पाहिला त्यांच्यात सरळ दोन तट पडतात. काही जण म्हणतात, असा चित्रपट पुन्हा होणे नाही. बाकीचे म्हणतात, यात काही घडतच नाही.

कथा तशी लोककथेच्या वळणाची. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न करून घरी येतो न येतो तोच पाच वर्षांसाठी परमुलखात व्यापाराला निघतो. नवरीवर भाळलेले एक भूत त्याचे रूप घेऊन घरी येते, पण तिच्यापाशी मात्र खरे काय ते सांगून टाकते. ती गप्प राहून त्याला स्वीकारते. पुढे तिला मूल व्हायच्या सुमारास खरा नवरा परततो आणि गावापुढे पेच पडतो. अखेर एक धनगर युक्तीने भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो. निवाडा होतो, पण नवरीला कोणी काही विचारत नाही.

कौल हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आपल्या 'प्रभात'च्याच आवारात शिकलेले. ऋत्विक घटक हे त्यांचे गुरू. देथांच्याच बोरुंदा गावी त्यांनी 'दुविधा' चित्रित केला. कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. नायिका रईसा पदमसी ही चित्रकार अकबर पदमसींची मुलगी. चित्रपटात पांढऱ्या भिंती, ओढणीचा लाल रंग, दारात थबकलेला हात अशी दृश्ये डोळ्यांपुढे दीर्घकाळ राहतात. मधूनच चित्र गोठते. चेहऱ्यांवर भावना जवळजवळ नाहीत आणि गोष्ट बरीचशी निवेदनातून कळते.

या चित्रपटासाठी कौल यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उलट सत्यजित राय यांनी १९७४ च्या एका लेखात त्यावर कडक टीका केली. तेव्हा 'दुविधा'चा कंटाळा येणारा प्रेक्षक अरसिक असतो, असे मानण्याचे कारण नाही. निवेदन जरा जास्तच बोलते आणि सपाट उच्चारलेले संवाद कानाला खटकतात, असे मलाही वाटते.

तरीही हा संथपणा उगाच आलेला नाही. 'पहेली'त शेवटी भूत नवऱ्याच्याच शरीरात शिरते, कोडे सुटते आणि आपण समाधानाने घरी जातो. पालेकरांनी नायिकेला तिचे सुख मिळवून दिले, हेही काही कमी नाही. कौल मात्र तिला हवेलीतच ठेवतात आणि आपल्यालाही तिच्याजवळ बसवतात. नवरा हिशेबाच्या वह्यांत वर्षे मोजतो. तिच्या वाट्याला नुसते दिवस येतात, एकासारखा एक. ते भराभर दाखवले असते, तर तिची कोंडी आपल्याला नुसती कळली असती, जाणवली नसती. पुढे कौल झिया मोहिउद्दीन डागरांकडे धृपद शिकले. आलापाला घाई करून चालत नाही, हे आपल्यासारख्या गाणे ऐकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही कथा तशी परकी नाही. आठ-पंधरा दिवसांच्या रजेवर जाऊन लग्न करायचे, नवऱ्याने कामावर परतायचे आणि व्हिसा येईपर्यंत नव्या नवरीने अनोळखी सासरी राहायचे, हे आपल्याच घराघरांतून घडले आहे. त्या महिन्यांची गोष्ट बहुधा नवऱ्याच्या नोकरीपासून सुरू होते. मागे राहिलेलीचे दिवस त्यात क्वचितच येतात.

म्हणून 'दुविधा' एकट्याने पाहू नये. असे दिवस काढलेली एखादी आई, मावशी किंवा स्वतःची पत्नी शेजारी असावी. आणि चित्रपट संपल्यावर लयीची नि कॅमेऱ्याची चर्चा सुरू करण्याआधी तिला काय वाटले, ते विचारावे.