पैसे देऊन घेतलेली अक्षरं

मनामातल्या एका मराठी कुटुंबाने मागे ठेवलेल्या सामानात मला एक सीडी मिळाली. वर मार्करने लिहिलं होतं, 'स्मरणिका २००३, फायनल'. सोबत रबरबँडने बांधलेला काडेपेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा. आखाती देशांतल्या मराठी मंडळांचे कागद गोळा करणं हे माझं सध्याचं काम, त्यामुळे आनंद झाला. तो दहा मिनिटं टिकला. स्मरणिका ज्या प्रोग्रॅममध्ये बनवली होती, तो केव्हाच बंद झालेला. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर फाइल कशीबशी उघडली, तर पानांवर फोटो होते, चौकटी होत्या, आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या चिन्हांची खिचडी.

त्या स्मरणिकेत एका बाबांचा लेख होता. ते आता नाहीत. त्यांची मुलगी बहरीनमध्ये वाढली, सध्या टोरांटोत असते, आणि तिला तो लेख हवा होता. छापील प्रत एकही उरली नव्हती. "नोकरी संपली तसा व्हिसाही संपला," ती म्हणाली. "मोजक्या बॅगांमध्ये काय काय मावणार?"

ही खिचडी कशी झाली हे समजायला नव्वदच्या दशकात जावं लागतं. तेव्हाच्या फॉन्टमध्ये फार तर २५६ खाने असायचे. देवनागरीला मुळाक्षरं पुरत नाहीत. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेगवेगळ्या उंचीच्या मात्रा, सगळं त्यातच बसवायचं. भारतीय लिपींसाठी 'इस्की' नावाचं सरकारी मानक १९९१ मध्ये आलं होतं, पण छपाईच्या फॉन्टमध्ये प्रत्येकाने आपली वेगळी मांडणी केली. पुण्यात सी-डॅकचं आयएसएम होतं, मॉड्युलरची श्रीलिपी होती. शिवाय आकृती, कृतिदेव वगैरे. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलंत, तर संगणकाच्या लेखी तो शब्द असतो ई, जे, के, मोठा बी, एच. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं. फॉन्ट गेला की उरतात ही पाच रोमन अक्षरं.

पानं लावायला बहुतेक ठिकाणी पेजमेकर असायचं. आल्डस कंपनीने ते १९८५ मध्ये आणलं, १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डसच विकत घेतली. २००१ ची ७.० ही शेवटची आवृत्ती. २००४ मध्ये पुढचं काम थांबलं. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडायच्या, पण २०१२ च्या सीएस-६ पर्यंतच. २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली.

आणि तो ठोकळा? तो डाँगल. संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टला तो लावला नाही, तर पैसे मोजून घेतलेलं मराठी पॅकेजही चालत नसे. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. म्हणजे एका लेखाला तीन कुलुपं: प्रोग्रॅम, फॉन्ट आणि डाँगल.

कंपन्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण मराठी सॉफ्टवेअरचा बाजार लहान होता आणि चोरीच्या प्रती सर्रास फिरायच्या. डाँगल त्यातूनच आला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती २००० साली आली. तोपर्यंत ज्याला मराठी छापायचं होतं, त्याच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याला वाटलं आपण लिहिण्याचं साधन विकत घेतोय. खरं तर आपलंच लिखाण पुन्हा वाचायची परवानगी विकत घेत होतो, आणि तिची मुदत कुठेच लिहिलेली नव्हती.

मराठी माणसाला न वाचता येणारी मराठी नवी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले लाखो कागद आहेत. गेल्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांमधून गेली आणि नातवंडांना आजोबांची पत्रं वाचता येईनाशी झाली. पण मोडीची किल्ली कुणाच्या मालकीची नव्हती. मोडीचे वर्ग आजही भरतात, कुणीही जाऊन शिकू शकतं. डाँगलचा वर्ग भरत नाही.

तरी आम्ही मोडी वाचणाऱ्यांचीच युक्ती वापरली: माहीत असलेल्या शब्दावरून अनोळखी अक्षर ओळखायचं. तयार कन्व्हर्टर चालेना, कारण फॉन्टची ही आवृत्ती त्यांना माहीत नव्हती. मग त्या खिचडीत 'बहरीन' शोधलं, 'गणेशोत्सव' शोधलं, वहीत तक्ता केला. व्हिडिओ कॉलवर ती वाचायची, मी लिहून घ्यायचो. तीन रविवार गेले. लेख बहरीनमधल्या पहिल्या पावसाबद्दल होता. एका वाक्यात 'मातीची ओ' नंतर नुसता चौकोन आहे. तिथलं अक्षर फाइलमधूनच पुसलं गेलंय. ओल की ओढ? ती म्हणते, बाबा 'ओढ' असं लिहिणारे नव्हतेच. मी प्रतीत चौकोन तसाच ठेवलाय.

तुमच्या घरी, मग ते दुबईत असो की डॅलसमध्ये, मंडळाची जुनी सीडी किंवा पेन ड्राइव्ह नक्की असेल. आईबाबांना विचारा. फाइल उघडलीच तर आधी पीडीएफ करा, फॉन्टचं नाव लिहून ठेवा आणि मजकूर युनिकोडमध्ये आणा. छापील प्रत मिळाली तर तिचे फोटो काढा. आणि हे तेव्हाच करा, जेव्हा 'ओल की ओढ' हे विचारायला लिहिणारा माणूस अजून घरात आहे.