चौकात हरवलेली सायकल

'चौक' हा आपला शब्द वाड्यालाही लागतो आणि रस्त्यालाही. वाड्याच्या चौकात मुले निर्धास्त खेळत. रस्त्याच्या चौकात आज मुलाला सायकलवर पाठवताना आईवडिलांचा जीव धास्तावतो. इंदूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांत एके काळी शाळा, कचेरी, भाजीबाजार हे सारे सायकलवरच होत असे. स्कूटर आली म्हणून सायकल गेली, असे आपण समजतो. ते खरे आहेच. पण इतिहास चाळला तर तिला चौकांनीही हुसकावले असे दिसते.

इंग्लंडमधील पहिला सायकलमार्ग डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अॅव्हेन्यूलगत खुला झाला. त्याला विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेने! मुख्य रस्त्यावरील हक्क जाईल ही भीती तर होतीच. शिवाय प्रत्येक आडरस्त्यापाशी मार्ग तुटे आणि स्वाराला थांबावे लागे. सरळ रस्त्यावर संरक्षण आणि नेमके धोक्याच्या जागी काहीच नाही, असा तो प्रकार होता.

हॉलंडने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. १९७२ मध्ये 'मुलांची हत्या थांबवा' या नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. आधी टिलबर्ग व हेग येथे एकेक उत्तम मार्ग बांधून पाहिला गेला. पण एका मार्गाने शहराची सवय बदलेना. पुढे डेल्फ्टने गावभर सलग जाळे विणले, तेव्हा सायकलींचा वापर वाढला.

चौकांची रचनाही हळूहळू पालटली. कोपऱ्यावर लहानसा उंचवटा आला, त्यामुळे मोटारीला वळताना वेग कमी करावा लागतो. सायकलमार्ग मोटारीच्या लांबीएवढा आत सरकवला, त्यामुळे वळणाऱ्या चालकाला स्वार समोर दिसतो. आपल्याकडे याच्या उलट घडते. कोपरे ऐसपैस गोलावलेले असतात आणि डावीकडे वळणाऱ्यास बहुधा सिग्नलवर थांबावेही लागत नाही. सरळ जाणारा सायकलस्वार नेमका त्याच्याच वाटेत सापडतो.

सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यानेही हे अनुभवले आहे. २००६ मध्ये तेथे जलद बससेवा सुरू झाली, तिच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. परंतु चौक आला की ते लुप्त होत. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तरी जाळ्याची गरज मान्य झाली.

आता आमच्या गावाविषयी. इंदूरचा २०१३ मध्ये सुरू झालेला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग २०२५ पासून काढण्यास आरंभ झाला. रस्ता पुन्हा आखण्याची अशी संधी वरचेवर येत नाही. १९१८ साली पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबाराला याच शहराच्या नगररचनेचा अहवाल सादर केला होता. गल्लीबोळ पायी हिंडून मगच आखणी करावी, असा त्यांचा शिरस्ता. आजच्या आखणीकारांनीही एकदा सायकलवर बसून प्रत्येक चौक ओलांडून पाहावा, एवढेच आमचे मागणे आहे. जो चौक शाळकरी मुलीला एकटीने ओलांडता येत नाही, तो अजून बांधून पुरा झालेला नाही, असे आम्ही समजतो.