हबशी नवाब झाला, महार मात्र वेशीबाहेरच राहिला

मलिक अंबरचे एक जुने चित्र आपल्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असते. खाली मजकूर असतो की आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हा काळा माणूस दख्खनचा बादशहा झाला आणि मनुवाद्यांनी त्याचा इतिहास दडपला. लगेच पन्नास जयभीम पडतात. दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर जंजिऱ्याच्या सिद्दीचे नाव येते ते फक्त स्वराज्याचा वैरी म्हणून. मागे यवतमाळच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या एका पोराने मला सरळ विचारले, "सर, कोकणात आफ्रिकन लोकांचे राज्य होते म्हणतात, मग त्या राज्यात आपले लोक कसे जगत होते?" दोन्ही ग्रुपवर हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिले, म्हणून हा लेख.

आधी एक दुरुस्ती. मलिक अंबर बादशहा नव्हता. तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होता. गादीवर निजामशहा बसवून सगळा कारभार तो चालवत असे. इथिओपियात जन्मलेले हे पोर बाजारात विकले गेले, अरबस्तान-बगदादच्या वाटेने हात बदलत दख्खनला आले. इथे त्याला विकत घेणारा चंगीझखान हाही हबशीच होता आणि निजामशाहीचा पेशवा होता. म्हणजे एक जुना गुलाम पेशवा झाला आणि त्याने विकत घेतलेला गुलामही पुढे पेशवा झाला. अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. त्याच खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि १९५० मध्ये बाबासाहेबांनी तिथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले. भातवडीच्या लढाईत, १६२४ मध्ये, शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये अंबर वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. सात-आठ वर्षांत निजामशाही बुडाली. हबशांचे राज्य म्हणून जे खरोखर टिकले ते जंजिऱ्याचे. तेव्हा पोराच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच शोधायला हवे.

आपल्या काळ्या मातीच्या, कापसाच्या जिल्ह्यात बसून त्या मुलखाची कल्पना येत नाही, म्हणून थोडा भूगोल सांगतो. जंजिरा म्हणजे अरबीतला जझीरा, बेट. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर, चहूबाजूंनी समुद्र असलेला तो किल्ला आपण चित्रात पाहतो. पण संस्थान किल्ल्यापुरते नव्हते. उत्तरेला कुंडलिकेची, म्हणजे रोह्याची खाडी, दक्षिणेला सावित्रीची, म्हणजे बाणकोटची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला रोहा-माणगावचे डोंगर. राजपुरीची खाडी या मुलखाचे मधोमध दोन तुकडे करत आत घुसते. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे त्याचे मुख्य भाग. क्षेत्रफळ सुमारे ३२५ चौरस मैल, म्हणजे साधारण ८४० चौरस किलोमीटर. आपला यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजारांच्या वर आहे, त्यात असे सोळा जंजिरे बसतील. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचा साओ टोमे आणि प्रिन्सिपे हा चिमुकला देशही याहून थोडा मोठा आहे. भात, नाचणी, वरी, नारळ आणि श्रीवर्धनची सुपारी ही इथली पिके. डोंगरात सागाचे जंगल. आजचे फणसाड अभयारण्य ही नवाबाची शिकारीची राखीव जागा होती.

१९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. त्यात सिद्दी किती? काही शेकडे, आणि तेही बहुतेक नवाबाचे नातलग. बाकी कुणबी, कोळी, आगरी, महार, कोकणी मुसलमान, ब्राह्मण, प्रभू. थोडक्यात, सगळ्या कोकणात आहेत त्याच जाती, त्याच वाड्या, गावाच्या कडेला तोच महारवाडा. वर बसलेली मूठभर माणसे मात्र समुद्रापलीकडून आलेली.

ही मूठभर माणसे वर कशी बसली, हे बघण्यासारखे आहे. बेट आधी कोळ्यांचे होते. राम पाटील नावाच्या कोळी नायकाची आणि दारूच्या पिंपांची गोष्ट कोकणात आजही सांगतात. निजामशाहीने ते घेतले आणि आरमार सांभाळायला हबशी सरदार ठेवले. निजामशाही गेल्यावर ते विजापूरचे वझीर झाले. १६७०-७१ च्या सुमारास फत्तेखान सिद्दी शिवाजी महाराजांशी तह करायला निघाला, तेव्हा त्याच्याच हाताखालच्या सिद्दींनी त्याला कैद केले आणि औरंगजेबाचा पक्ष धरला. बादशहाकडून याकूतखान हा किताब आला, आणि हजला जाणाऱ्या जहाजांची राखण हा त्यांचा मोठा धंदा झाला. धनी बदलत गेले, बेट सुटले नाही.

जुन्या काळात जंजिऱ्याचा प्रमुख मेला की त्याचा मुलगा गादीवर बसेलच असे नव्हते. आरमारातला पुढच्या हुद्द्याचा सरदार वर येई, बाकीचे सरदार त्याला मान्यता देत. आजच्या अर्थाने ही लोकशाही नव्हे, आपल्या पोरांनी कृपा करून तसे लिहू नये. पण जन्माने हुद्दा ठरत नव्हता, हे खरे. पुढे मात्र नवाबी आली, वारसाहक्क आला, भाऊबंदकी आली. त्याच भांडणातून १७९१ मध्ये एका दावेदाराला सुरतजवळचे सचिन संस्थान मिळाले. १८७० च्या सुमारास सरदार आणि नवाब यांच्यात पुन्हा जुंपली, तेव्हा इंग्रजांनी कारभारात हात घातला.

आता मुख्य मुद्दा. विकत घेतलेला माणूस राज्यकर्ता होऊ शकतो, मग त्याच किनाऱ्यावर जन्मलेला, कोणीही विकत न घेतलेला महार साधा कारकून का होऊ शकत नव्हता?

बाबासाहेबांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना केली आहे. रोममध्ये गुलाम वैद्य होते, शिक्षक होते, हिशेबनीस होते. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून त्याला खाऊ घालणे, शिकवणे यात मालकाचा स्वार्थ होता. गुलाम घरात वावरत होता, त्याच्या स्पर्शाने काही विटाळत नव्हते. अस्पृश्य मात्र नावाला स्वतंत्र. त्याच्या पोटाची जबाबदारी कोणावर नाही आणि त्याच्यासाठी दार कोणतेच उघडे नाही. यातून गुलामगिरी चांगली होती असा निष्कर्ष काढणारे महाभाग आहेत, त्यांना बाबासाहेब कळलेच नाहीत. सांगायचे इतकेच की गुलामगिरीला बाहेर पडायची वाट असू शकत होती, जातीला ती नव्हती.

जंजिऱ्याच्याच इतिहासात याचा दुसरा दाखला आहे. आवजी हरी चित्रे हे प्रभू गृहस्थ सिद्दीचे कारभारी होते. सिद्दीची मर्जी फिरली, त्यांचा जीव गेला आणि बायकामुलांना विकायचा हुकूम झाला, असे बखरींची परंपरा सांगते. राजापूरला ती मुले सुटली आणि त्यांतले बाळाजी आवजी शिवाजी महाराजांचे चिटणीस झाले. विक्रीला निघालेला मुलगा चिटणीस होतो, कारण त्याच्या हाती लेखणी आधीच होती आणि ती धरायला कोणी मनाई केली नव्हती. महारवाड्यातल्या पोराला विक्रीला न काढताही लेखणी मिळाली नाही.

याच राज्यातले आणखी एक घराणे आपल्याला चांगले ठाऊक आहे. श्रीवर्धनचे भट. दंडाराजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी त्यांच्याकडे पिढीजात होती, सिद्दीच्या अमलाखाली. त्याच घरातला बाळाजी विश्वनाथ सिद्दीशी बिनसल्यावर घाटावर गेला आणि १७१३ मध्ये पेशवा झाला. त्याचा मुलगा बाजीराव १७३३ मध्ये याच जंजिऱ्यावर चालून गेला. ज्या पेशवाईत महाराच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता असे बाबासाहेबांनी 'जातिसंहार' भाषणात नोंदवले, त्या पेशवाईचे घराणे आधी पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकन वंशाच्या मुसलमान सत्ताधीशांचे वतन खात होते. त्या वतनाने कोणाचा धर्म बुडाला नाही. काळ्या कातडीच्या मालकाला मुजरा करताना विटाळ झाला नाही. विटाळ फक्त महाराच्या सावलीचा.

म्हणजे सिद्दीने काय केले? त्याने गडावरून दर्या सांभाळला आणि गाव जसे होते तसे ठेवले. देशमुख वसूल गोळा करून देत होता, कुलकर्णी लिहीत होता, पाटील गाव राखत होता, आणि महार टपाल, वेठ, मेलेली ढोरे ओढत होता. मूठभर परक्यांना हेच सोयीचे होते. वरची माणसे बदलली तरी वसुलीची शिडी तीच राहिली, आणि शिडीच्या तळाशी कोण हे आधीच ठरलेले होते. मोगलांनी हेच केले, आदिलशाहीने हेच केले, इंग्रजांनीही बरेचसे हेच केले. आणि सिद्दींना निर्मळ नायक करू पाहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्यांच्या आरमाराने किनाऱ्यावरची माणसे पकडून नेली, विकली. गुलामीतून वर आलेला माणूस गुलामीचा शत्रू होतोच असे नाही.

आता सावित्रीच्या खाडीकडे या. उत्तर काठ जंजिऱ्याचा. दक्षिण काठावर मंडणगड तालुका, आणि त्यात आंबडवे, बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव. याच खाडीतून वर गेले की दासगाव, आणि पुढे महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दासगावला उतरले. नकाशा काढून बघा. मुंबईहून बाणकोटच्या खाडीकडे जाणारी बोट मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा हबशी नवाबाच्या राज्याचा सगळा किनारा डावीकडे ठेवत जाते. तेव्हा सिद्दी महंमदखान नवाब होता. त्याच्या हद्दीला लागून असलेल्या त्या खाडीतून शेकडो माणसे मनुस्मृती जाळायला गेली. तीनशे वर्षांच्या आफ्रिकन राजवटीने शेजारच्या गावातले जे पाणी मोकळे झाले नव्हते, ते मोकळे करायला स्वतः महारांनाच जावे लागले. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की त्या परिषदेला जागा कोणी देईना, तेव्हा ती दिली महाडच्या फत्तेखान नावाच्या मुसलमानाने.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे कोकणातले, जुने. मग आपल्या जिल्ह्यातले बघू. पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून जास्त. पुढे १९९१ ते १९९३ सुधाकरराव नाईक. दोघेही बंजारा समाजातले. तांड्यातला माणूस राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, याचा अभिमान मलाही आहे. रोजगार हमीचे काम वसंतरावांच्या काळात उभे राहिले, हेही मान्य केले पाहिजे. पण दिवाळीनंतर पुसद-दिग्रस पट्ट्यातल्या तांड्यांत जाऊन बघा, किती घरांना कुलपे असतात. माणसे कामाच्या शोधात बाहेर गेलेली असतात आणि पोरांची शाळा तिथेच सुटते. आणि कोलाम पोडावर तर खुर्चीची गोष्टसुद्धा पोचलेली नाही. म्हणून "आपला माणूस वर गेला" एवढ्यावर जल्लोष करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना माझा प्रश्न आहे: वर गेलेल्या माणसाने गावातली कोणती शिडी मोडली? मलिक अंबरच्या फोटोखाली जयभीम लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे.

बाबासाहेब खुर्चीच्या विरोधात कधीच नव्हते. राज्यकर्ती जमात व्हा, असे त्यांनीच सांगितले. पण सत्ता हाती येण्याच्या आधीपासून ते कशावर घाव घालत होते ते बघा. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा लांबलेला संप कुलाबा जिल्ह्यातच, जंजिऱ्याच्या शेजारी, आणि बाबासाहेब त्या कुळांच्या बाजूने उभे राहिले. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना त्यांनी पत्र लिहिले, ते तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. नाते रंगाचे जोडायचे की लढ्याचे, हे त्या मागणीतून दिसते.

त्या अभ्यासिकेतल्या पोराला मी आता उत्तर देऊ शकतो. आफ्रिकेतून आणलेल्या सिद्दींचे वंशज कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलात मजुरी करत राहिले आणि २००३ मध्ये कुठे त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. नवाबाच्या गादीचा त्यांनाही उपयोग झाला नाही. जंजिऱ्याची ती गादी १९४८ मध्ये विलीनीकरणात गेली. गावकामगार महाराचे वतन संपवणारा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५८ चा, आणखी दहा वर्षांनी. तोवर बाबासाहेब गेले होते.